बाजूला न बसलेले दिवस

पिंपळगाव रेणुकाईच्या आमच्या घरात पाळीचे चार दिवस आई पडवीत बसायची आणि स्वयंपाक मोठी माय करायची. मोठी माय म्हणजे आईची थोरली जाऊ. तिचं घर आमच्या भिंतीला लागून. आईच्या पाळीचे दिवस आईपेक्षा तिलाच पक्के ठाऊक असत, कारण तेव्हा तिला दोन चुली सांभाळाव्या लागत.

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. मी जालन्यात एका दैनिकात नुकतीच लागले होते. दिवाळीनंतर गावी गेले तेव्हा सेहेचाळीस वर्षांच्या आईची गर्भपिशवी काढायचं ठरून गेलं होतं. आधी दाखवलेल्या डॉक्टरांनी तपासणी न करता सांगितलं होतं, मुलं झाली, आता पिशवीचं काय काम. कापसाची वेचणी संपली की ऑपरेशन. गल्लीतल्या दोघी-तिघींचं आधीच झालं होतं.

काय होतं असं विचारल्यावर आई म्हणाली, "अंगातून वाफा निघून राह्यल्या. थंडीत गोधडी फेकून देते. अन् जीव उगंच चिडतो."

दुसऱ्या दिवशी देवळाच्या पायऱ्या चढताना ती धाप लागून मध्येच बसली.

"पाळी जाताना असंच होतं," मोठी माय म्हणाली. तिची स्वतःची पाळी मात्र काही त्रास न होता थांबली होती.

ऑपरेशनआधी नवीन जालन्यातल्या एका बाई डॉक्टरांना दाखवू, एवढंच मी मागितलं. आई तयार झाली, पण अक्का, म्हणजे मोठी माय, सोबत हव्यात म्हणाली.

डॉक्टरांनी आधी पाळीचे दिवस विचारले. आईने मोठ्या मायकडे पाहिलं. मोठी माय सांगू लागली, "पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आली. मंग दसरा झाल्यावर. मंग दिवाळी सरल्यावर. चार-चार दिवस, बराबर. माझ्याच हातची भाकर खाल्ली हिनं."

डॉक्टरांनी लिहून घेतलं. मग आईच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली. "एवढंच जात असेल तर अंगातलं रक्त इतकं कमी कसं झालं? खरं कळलं नाही तर मलाही अंदाजानेच सांगावं लागेल. अंदाजाने पिशवी काढायची नसते."

आई खाली बघत म्हणाली, "अक्कांनी सांगितले ते मी बाजूला बसले ते दिवस. बाकीचे बसले न्हाई."

"बाकीचे म्हंजे?" मोठ्या मायने विचारलं.

"महिन्यातून दोनदा यायची, आठ-आठ दिवस. तुमच्याकडून किती करून घ्यायचं? घटाच्या टायमालाबी चालूच होतं."

"घट तर तूच बसवला."

"व्हय."

मोठी माय म्हणाली, "घटाचं धान तर यंदा हातभर आल्तं. देवीला चाललं, मंग मी कोण? सांग बाईला सगळं."

आईने सगळं सांगितलं, कपडे किती वेळा बदलावे लागतात तेही. डॉक्टरांनी समजावलं की पाळी थांबण्याआधी काही वर्षं ती मागेपुढे होते, वाफा येतात, झोप मोडते, चिडचिड होते. त्यात आईचा दोष नाही. पण इतकं रक्त जाणं वयाचं म्हणून सोडून द्यायचं नसतं. त्यांनी सोनोग्राफी केली, रक्त तपासलं आणि पिशवीच्या अस्तराचा तुकडा तपासायला पाठवला. रिपोर्टमध्ये वाईट काही निघालं नाही. आईला रक्तवाढीच्या आणि स्राव कमी करण्याच्या गोळ्या मिळाल्या. ऑपरेशन रद्द झालं.

वाफा पुढेही येत राहिल्या, पण आई आता त्या आल्या की सांगायची. मोठी माय तिला सुपाने वारा घालायची आणि "आली का तुझी भट्टी" म्हणायची.

पाळी सलग वर्षभर आली नाही तर ती थांबली असं समजा, आणि त्यानंतर एक थेंब जरी दिसला तरी लगेच या, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. ते वर्ष बऱ्याच काळाने आलं आणि मोठ्या मायनेच ते मोजलं.

"पोळ्याला पोळा झाला," ती म्हणाली. "आता काही दिसलं तर जल्दी सांगायचं, चोरून ठेवायचं न्हाई. अन् माझं तुझ्या चुलीवरचं काम सरलं."

एवढं बोलून तिने आमची परात पुढे ओढली आणि भाकरीचं पीठ मळायला घेतलं.