दीपगृहातला काळा डाग

बायको जाऊन आता वर्ष होईल. मी वाळूजला लेकीकडं राहतो. जावई कंपनीत, लेक शिवणकाम करते, मला खायला-प्यायला काही कमी नाय. या दिवाळीत लेक म्हणाली, "अण्णा, चला, तुमचं दीपगृह बघून येऊ." मी एका पायावर तयार झालो.

मी गंगापूरकडचा. सातवी नापास. समुद्र कधी चित्रातसुद्धा नीट बघितला नव्हता, आन् नोकरी लागली ती कोकणातल्या एका टोकाच्या दीपगृहात. गाव दीड कोस लांब. माझं काम काचा पुसायच्या, भिंग फिरवणाऱ्या यंत्राला चावी द्यायची. लग्न झालं तशी बायकोला तिकडंच नेली. सोळा वर्षं काढली आम्ही तिथं.

आता तिथं कुणीच राहत नाय. दिवा आपोआप लागतो, आपोआप विझतो. वर जायला तिकीट आहे. खाली भिंतीवर इतिहासाचा फलक लावलाय. लेकीनं वाचून दाखवला. काळ्या दगडाचं बांधकाम इंग्रजाच्या वक्ताचं, आधी तेलाची वात, मग रॉकेलच्या बत्तीची जाळी, मग करंट, आता सोलर. सगळं बरोबर लिहिलंय. पण ज्यांनी तिथं चुली पेटवल्या त्यांचा एक शब्द नाय. मला ते लागलं. एवढी सोळा वर्षं माझी बायको तिथं वाऱ्यात राहिली, तिचं कायच नाय का तिथं?

धापा टाकत वर चढलो. माहिती सांगायला गावातलीच एक बाई होती, असेल पन्नाशीची. भिंगाखालच्या लाकडी फळीवर ताटलीएवढा काळा डाग आहे, तो तिनं दाखवला. "इथं पूर्वी वीज पडली होती. जळलं, पण दिवा वाचला."

मला हसू फुटलं. ती वीज मीच पाडली होती.

झालं असं. बायकोनं एका उन्हाळ्यात गव्हाचा चीक शिजवून कुरडया घातल्या. आमच्याकडं एका उन्हात खडखडीत वाळतात. तिथली हवा ओली, तीन दिवस झाले तरी चिकटच, वर कावळे. ती म्हणाली, "अहो, वर काचेच्या खोलीत ऊन लई आहे. कावळा नाय, वारा नाय. किल्ली द्या." मी दिली. दिवसा भिंगाभोवती पडदे ओढून ठेवावेच लागतात, नायतर ऊन भिंगातून एका जागी गोळा होतं आन् जाळतं. हे तिला मी कधी सांगितलंच नव्हतं. तिला काय ठावं? तिनं पडदे बाजूला सारले, फळीवर माझं धोतर अंथरलं, वर कुरडया मांडल्या आन् खाली आली. घंटाभरात जळका वास आला. पळत वर गेलो तर धोतर धुमसतंय, फळी पेटायला आलेली. पाण्याच्या बादल्या मारल्या. अर्ध्या कुरडया वाचल्या.

महिन्यानं साहेब तपासणीला आला. "हा डाग कसला?"

"वीज पडली, साहेब."

"वीज पडली आणि काच शाबूत?"

"देवाची कृपा."

त्यानं वहीत तसंच लिहून घेतलं. दुपारी जेवायला बायकोनं त्यातल्याच कुरडया तळल्या. साहेबानं दोनदा मागून घेतल्या. ती दाराआड पदर तोंडात धरून उभी. नंतर मला म्हणाली, "हे कुणाला सांगाल तर माझं मेलेलं तोंड बघाल." नोकरी जायची भीती होती, आन् लाजही लई. मी जन्मभर तोंड उघडलं नाय.

ते तोंडही आता बघून झालं. शपथ सुटली.

मी त्या बाईला सगळं सांगितलं. लेक दंड ओढत होती, "अण्णा, कशाला? आईला आवडलं नसतं." मी म्हटलं, "चूक माझी होती. पडद्याचं मी सांगायला पाहिजे होतं. तिचा डाग तिच्या नावावर राहू दे."

बाईनं वाकून डागावरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "आजोबा, खरं सांगताय ना? आमच्या तांदळाच्या फेण्यासुद्धा इथं वाळता वाळत नाहीत हो!"

"खोटं सांगायला आता साहेब कुठं आहे?"

आम्ही उतरायला लागलो. गुडघे दुखतात, म्हणून अर्ध्या जिन्यात बसलो. वर दुसरी माणसं गेली होती. त्या माहितीवाल्या बाईचा आवाज खाली येत होता, "फलकावर नाही, पण ऐका. इथं एक मराठवाड्याची बाई राहायची. तिनं या खोलीत कुरडया वाळत घातल्या..." वर सगळी हसली. कुणीतरी विचारलं, "मग वाचल्या का कुरडया?"

मी खालूनच ओरडलो, "अर्ध्या वाचल्या!"

लेक डोळे पुसत हसत होती. "आई असती तर तुम्हाला लाटण्यानं झोडलं असतं."

"झोडू दे की," म्हटलं, आन् कठडा धरून उठलो.