दसऱ्यानंतरचा पहिला टाका

मुकुंद कामावर गेला, की कालिंदीबाईंचा जीव दिवसभर त्याच्या डाव्या खांद्याखाली अडकून राहायचा. तिथं, कातडीच्या आत, डॉक्टरांनी काडेपेटीहून लहान असं एक यंत्र बसवलं होतं. भाजी निवडताना, पेपर वाचताना, शेजारणीशी बोलताना मध्येच त्यांच्या मनात यायचं, चालू असेल ना ते? मग त्या काहीतरी निमित्त काढून फोन करायच्या.

"डबा खाल्लास का?"

"आई, आत्ता साडेदहा वाजलेत."

मुकुंदचं वय एकतीस. चिकलठाण्याच्या एमआयडीसीत दुधाच्या टँकरच्या टाक्या बनवणाऱ्या पुंजाराम शेठच्या शेडमध्ये तो अकरा वर्षं वेल्डर होता. कालिंदीबाई बी.ए. झालेल्या, लासूर स्टेशनच्या शाळेत शिक्षिका होत्या. नवरा लवकर गेला. एकुलत्या एका मुलानं इंजिनिअर व्हावं म्हणून त्यांनी काही कमी ठेवलं नाही. बारावीत तो जेमतेम निघाला आणि कुणाला न विचारता आयटीआयला नाव घालून आला. दोन महिने त्या त्याच्याशी धड बोलल्या नाहीत. मग एक दिवस त्यानं जोडलेले दोन पत्रे आणून त्यांच्या पुढ्यात ठेवले आणि म्हणाला, "बोट फिरव." त्यांनी फिरवलं. सांधा कुठं उंच नाही, कुठं खोल नाही. एकसारख्या बारीक खवल्यांची ओळ. चांगलं अक्षर ओळखायला त्यांना कुणी शिकवायला नको होतं. त्या दिवसापासून त्यांनी इंजिनिअरचं नाव काढलं नाही.

पुढं जालना रोडनं दोघं कुठं निघाले आणि दुधाचा टँकर दिसला, की हा मान वळवायचा.

"आपला आहे."

"कशावरून?"

"मागचा सांधा बघ ना. माझ्या जोडीच्या सांडूचाही हात असा वळत नाही."

ज्येष्ठात एका दुपारी जेवता जेवता तो ताटावरच पडला. हॉस्पिटलात कळलं, ठोके मिनिटाला तीसच्याही खाली आलेत. यंत्र बसवून झाल्यावर डॉक्टर बाहेर आले आणि त्यांनी सगळं नीट समजावलं. दीड महिना डावा हात खांद्याच्या वर न्यायचा नाही, मोबाइल डाव्या खिशात ठेवायचा नाही. मुलगा काम काय करतो ते कळलं, तेव्हा मात्र ते थांबले.

"वेल्डिंग आता बंद. त्या करंटजवळ हे यंत्र फसू शकतं. हृदयाचा ठोका आपोआप पडतोय असं समजून गप्प बसतं. आणि याचं हृदय आता स्वतःहून फारसं चालत नाही, बाई."

शेडमध्ये काय सांगायचं ते कालिंदीबाईंनीच ठरवलं. जोडीचा वेल्डर सांडू सिल्लोडकडचा. त्याच्याच गावचं एक स्थळ तेव्हा बोलणीत होतं. हृदयाचं नाव निघालं तर मुलगी कोण देणार, आणि शेठ तरी कामावर कशाला ठेवील? "मुतखड्याचं ऑपरेशन झालं म्हण," त्या म्हणाल्या. आयुष्यभर पोरांना खरं बोला म्हणून दटावत आलेल्या बाईला हे वाक्य बोलताना अडखळायलाही झालं नाही.

सांडू भेटायला आला तो पिशवीभर हुलगे घेऊन. "माडगं करून पाजा याला, बाई. पुन्हा खडा व्हायचा नाय." मग मुकुंदकडं वळून म्हणाला, "काऊन रे, खड्याला दीड महिना सुट्टी? वेरूळच्या डोंगरातून काढला का काय?"

मुकुंद हसला. शर्टाचं वरचं बटण लावलेलंच होतं. पुढं आठ दिवस त्यानं मुकाट्यानं हुलग्याचं माडगं प्यायलं.

श्रावणात तो कामावर रुजू झाला. ऑपरेशननंतर जड काम नको, एवढंच सांगितलेलं. शेठनं त्याला मापं घ्यायला, खुणा मारायला, दुसऱ्यांचे सांधे तपासायला लावलं. पगार तोच ठेवला. कालिंदीबाईंना हायसं वाटलं. पण पोरगा घरी येऊन बोलेनासा झाला. जेवताना त्याच्या उजव्या हातातला चमचा वरणाच्या वाटीवर बारीक बारीक अर्धगोल काढत सरकायचा. त्याच्या ते ध्यानातही नसायचं. कालिंदीबाई बघायच्या आणि उगाच तव्यावरची भाकरी उलटायच्या. भाद्रपदात त्या मुलीचं दुसरीकडं जमल्याचं कळलं, तेव्हाही त्यानं नुसतं "बरं" म्हटलं. ज्या स्थळासाठी खोटं बोलले ते गेलं, खोटं तेवढं घरात राहिलं.

खंडेनवमीला शेडमध्ये सगळ्यांच्या घरची माणसं बोलावतात. मशिनी धुऊन पुसून हळदकुंकू लावतात, झेंडूच्या माळा घालतात. त्या दिवशी कुणी हत्यार चालवत नाही. दसरा झाला, की दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला नारळ फुटतो आणि नव्या टाकीला वेल्डिंगचा पहिला टाका पडतो. तो मारणाऱ्याच्या हातावर शेडचं वर्ष जातं, अशी पुंजाराम शेठची श्रद्धा. ते स्वतः वेल्डिंग करत करत वर आलेले. गेली नऊ वर्षं तो टाका मुकुंदचाच होता.

हातावर पेढा ठेवता ठेवता शेठ म्हणाले, "बाई, तुमच्या पोराचा आराम लई झाला. परवाचा टाका त्यानंच मारायचा."

"पण त्याला अजून..."

"मुतखड्याला चार महिने व्हत आले की! माझा तर दोनदा निघाला. तिसऱ्या दिवशी मी मक्याच्या ट्रकात बसून सिल्लोडला गेलो व्हतो." सगळे हसले. शेठ मात्र हसले नाहीत. आवाज उतरवून म्हणाले, "असं गुणी पोरगं खडू घेऊन कोपऱ्यात उभं ऱ्हातं. मला नाय बघवत."

"मारतो, शेठ," मुकुंद म्हणाला. चार महिन्यांत पहिल्यांदा त्याच्या चेहऱ्यावर रंग चढला होता. कालिंदीबाईंना तो बघवेना आणि त्यावरून नजरही काढवेना.

घरी आल्यावर त्यांनी चप्पलसुद्धा काढली नाही.

"तू नाही म्हणणार आहेस त्यांना."

"एक टाका, आई. दोन सेकंदं लागतात."

"ज्येष्ठात पडलास तेव्हा किती लागली होती?"

त्यानं चप्पल काढून कोपऱ्यात सरकवली.

"मग खरं सांगून टाक."

"सांगून? खुणा मारायलासुद्धा कुणी उभं करणार नाही. बोलताना सगळे माझ्या छातीकडं बघत राहतील. आत्ता निदान मी तिथं वेल्डर आहे."

"अरे, पण जीव..."

"मुतखड्याचं नाव मी नव्हतं काढलं, आई." आवाज चढवून नाही, अगदी हळू म्हणाला. मग हातपाय धुवायला गेला.

दसऱ्याला त्यानं आपट्याचं पान हातात दिलं आणि पाया पडला. त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला, तो जरा जास्तच वेळ राहिला. मुकुंद वाकलेलाच थांबला.

दुसऱ्या दिवशी तो लवकर उठला. पलंगाखालची पेटी ओढून त्यातले चामड्याचे हातमोजे काढले आणि डब्याच्या पिशवीत घातले.

"संध्याकाळी उशीर होईल. शेठ म्हणाले, आजपासून ओव्हरटाइम आहे."

म्हणजे एका टाक्यावर भागणार नव्हतं. कालिंदीबाई दारात आडव्या उभ्या राहिल्या. त्यानं त्यांचा हात चौकटीवरून अलगद बाजूला केला, लहान मुलाचा करावा तसा. "येतो," म्हणाला आणि जिना उतरून गेला.

कणीक भिजवलेली तशीच राहिली. त्या खुर्चीत बसल्या. फोन केला तर काय होईल, ते त्यांना दिसत होतं. चार माणसांत त्याचा हात थांबवला जाईल. शेठ रागावतील, सांडूचं तोंड उतरेल. कदाचित शेडच सुटेल आणि एकतीस वर्षांचा मुलगा भर दुपारी टीव्हीसमोर बसून राहील, चमच्यानं हवेत सांधे काढत. त्याच्या अंगातलं एवढं एकच त्याचं स्वतःचं होतं, आणि ते आईनं काढून घेतलं असंच तो म्हणेल. त्याचंही चुकणार नव्हतं.

तो मोठा आहे, त्याचं त्यानं सांगावं, असं त्या काल दिवसभर स्वतःला समजावत होत्या. पण ते खोटं त्याचं नव्हतंच. त्यानं फक्त चार महिने, बटण लावून, ते आईसाठी अंगावर वागवलं होतं. मग ते मागं घेण्याचं काम तरी त्याच्यावर का टाकायचं?

घड्याळात पावणेदहा झाले होते. शेडमध्ये आता नारळाला कुंकू लावत असतील. कालिंदीबाईंनी चष्मा लावला आणि पुंजाराम शेठचा नंबर शोधला. मुकुंद आपल्याशी किती दिवस बोलणार नाही, याचा विचार त्यांनी केला नाही. पहिलं वाक्य तेवढं मनाशी पक्कं केलं: शेठ, मुकुंदच्या हातात वेल्डिंगचा होल्डर देऊ नका, मी तुमच्याशी खोटं बोलले.

आणि त्यांनी फोन लावला.