त्यानं मागं वळून पाहिलं होतं

नारायण गेल्याची बातमी मला मोबाइलवर कळली, त्याला आता दीड महिना होऊन गेला. दूध संघाच्या ऑफिसात सकाळच्या गाड्यांची नोंद घेत बसलो होतो. कॉलेजच्या जुन्या ग्रुपवर कुणीतरी त्याचा वर्दीतला फोटो टाकला, भोवती फुलांची चौकट. मला वाटलं, बढती मिळाली असेल. मी अंगठा उंचावल्याचं चिन्ह पाठवूनही दिलं... आणि मग खालची ओळ वाचली. सीमेवर लढाई पेटल्यापासून आम्ही सगळे रोज बातम्या बघत होतो, पण त्या बातम्यांत आपला माणूस असेल असं कुणालाच खरं वाटलं नव्हतं. पाठवलेला तो अंगठा मी घाईघाईनं पुसला. शेजारच्या टेबलावरच्या सावंतबाईंनी विचारलं, "काय झालं रे?" मी नुसता मोबाइल त्यांच्यापुढं धरला.

नारायण चंदगडकडचा. बी.ए.च्या पहिल्या वर्षाला आला तेव्हा त्याच्याकडं एक पत्र्याची पेटी होती आणि काजूनं भरलेली पिशवी. ती पिशवी त्यानं पहिल्याच आठवड्यात वर्गात वाटून संपवली. बोलण्याला कोकणी हेल. आम्ही पेठेतली पोरं त्याची नक्कल करायचो, तर तो रागवायचा नाही, उलट आमची नक्कल अशी करून दाखवायचा की आम्हीच गप्प बसायचो. मेसच्या मावशींना मात्र तो फार आवडायचा, कारण भात कितीही वाढला तरी ताटात शीत ठेवायचा नाही. "ह्याच्या पोटात काय शेत हाय काय रं?" असं त्या म्हणायच्या आणि आणखी एक डाव वाढायच्या. वर्गात तो शेवटच्या बाकावर बसे, पण भूगोलाच्या तासाला पुढं यायचा. नकाशात चंदगड कधीच छापलेलं नसे. तो पेन्सिलीनं एक ठिपका काढायचा आणि खाली नाव लिहायचा.

सैन्यात जायचं आम्हा दोघांचं ठरलं होतं. पहाटे पाचला कॉलेजच्या मैदानावर पळायला जायचो. तो अनवाणी पळायचा, मी थोरल्या भावाचे बूट घालून. दोन वर्षं हा नेम चालला. पावसात मैदान चिखलानं भरलं की रंकाळा तळ्याच्या कडेनं पळायचो आणि परत येताना एका कपात दोघं चहा प्यायचो. तिसऱ्या वर्षाला भरतीची तारीख आली. सोळाशे मीटर पळायचं, चार फेऱ्या. तिसऱ्या फेरीत माझ्या पोटरीत गोळा आला आणि मी तोंडावर पडलो. नारायण पंधरा-वीस पावलं पुढं होता. त्यानं मागं वळून पाहिलं. मी हात वर केला. तो क्षणभर घुटमळला... आणि तोंड फिरवून पळत सुटला. तो निवडला गेला. मला दोघांनी धरून मैदानाबाहेर आणलं.

त्यानंतर मी त्याच्याशी बोललो नाही. एकदा त्यानं वर्गाच्या दारात अडवलं, मी बाजूनं निघून गेलो. ट्रेनिंगला निघायच्या दिवशी सगळा वर्ग त्याला सोडायला स्टेशनवर गेला. मी भावाच्या दुकानात बसून राहिलो. दोन महिन्यांनी एका रविवारी अनोळखी नंबरवरून फोन आला.

"ठेवू नको फोन," तो म्हणाला. "पाच मिनिटंच मिळत्यात. तू माझ्यावर कशाला चिडलाईस ते मला कळंना झालंय. तू हात केलतास की रं, जा म्हणून. तू हात केला नसतास तर मी न्हाई गेलो असतो."

मी हात केला होता तो थांब म्हणून. मला उठव म्हणून. पलीकडं तो वाट बघत होता, त्याच्यामागं कुणीतरी ओरडत होतं.

"व्हय," मी म्हणालो. "जा म्हणूनच केलता."

"मग झालं तर!" तो हसला आणि फोन कट झाला. त्यानंतर दर रविवारी फोन यायचा. सुट्टीवर आला की आधी मेसवर, मग माझ्याकडं. खरं काय ते मी त्याला कधी सांगितलं नाही. पुढं ते महत्त्वाचंही वाटेनासं झालं. तो गेला तेव्हा मात्र ते पुन्हा आठवलं.

अंत्यसंस्काराला त्याच्या गावी इतकी गर्दी होती की मला काकांपर्यंत, म्हणजे त्याच्या वडिलांपर्यंत, पोहोचताच आलं नाही. तीन आठवड्यांनी ते स्वतःच आले, सकाळच्या एस.टी.नं, माझा पत्ता विचारत विचारत. धोतर, पांढरी टोपी, हातात छत्री. उंबऱ्यातूनच म्हणाले, "तीन वर्सं पोरगं हितं ऱ्हायलं. मी एकदा बी आलो न्हाई. त्याचं कॉलेज दाव मला."

मी सुट्टी टाकली. वर्ग दाखवला, शेवटचा बाक दाखवला. ते त्यावर जरा वेळ बसले आणि फळ्याकडं बघत राहिले. मेसमध्ये मावशींनी त्यांना ओळखलं नाही, पण नारायणचं नाव ऐकताच हातातली पळी तशीच ठेवून बाहेर आल्या. मग आम्ही मैदानावर गेलो. काका म्हणाले, "तुम्ही दोघं एकदमच भरतीला गेलतासा न्हवं? मग तू कसा मागं ऱ्हायलास?"

तीन वर्षं कुणालाच न सांगितलेलं मी त्यांना सांगून टाकलं. हात कशासाठी केला होता तेही. बोलताना मला त्यांच्याकडं बघवत नव्हतं. ज्या पोराला मी थांब म्हणत होतो, तो थांबला असता तर आज जिवंत असता, हे आम्हा दोघांनाही कळत होतं. काका छत्रीच्या टोकानं माती उकरत राहिले.

"त्याला सांगितलं न्हाईस ना कधी?"

"न्हाई."

"ब्येस केलंस," ते म्हणाले. "दोस्तानं धाडलंय म्हणून गेला त्यो. आनंदानं गेला. आता तू ह्याचं वझं घेऊन बसू नको."

निघताना त्यांनी व्हरांड्यातला फलक पाहिला. लढाईत कामी आलेल्या कॉलेजच्या विद्यार्थ्यांची नावं त्यावर आहेत. नारायणचं नाव नुकतंच रंगवलं होतं, रंगाचा वास येत होता. तीन वर्षं त्या फलकासमोरून जाऊन मी एकदाही तो वाचला नव्हता. काकांनी आधी मुलाचं नाव वाचलं, मग त्याच्या वरचं. विलास, मलकापूर. मी जन्मायच्या आधीच्या लढाईतला.

"ह्याचं कोण असंल का रं घरात?" काकांनी विचारलं. "कुणी जात असंल का त्यांच्याकडं?"

गेल्या रविवारी आम्ही मलकापूरला गेलो. विलासची आई आहे, सत्तरी ओलांडलेली. अंगणात भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती. आम्ही कोण ते सांगितल्यावर तिनं काकांकडं नीट बघितलं आणि विचारलं, "किती दीस झालं?"

"दीड महिना."

"बसा, पावणं," ती म्हणाली आणि शेंगांचं सूप आपल्या आणि काकांच्या मधे सरकवलं. मग दोघं शेंगा फोडायला लागले. बराच वेळ पावसाचं, भाताच्या रोपांचं बोलणं चाललं. आपला विलास कसा चोरून दुधावरची साय खायचा, ते तिनं सांगितलं. आणि एकदम म्हणाली, "तुमचा कसा हुता ओ, ल्हानपणी?"

"भित्रा," काका म्हणाले.

मी चमकून बघितलं. नारायण आणि भित्रा?

"पाण्याला भ्यायचा. शाळंच्या वाटंवर वढा हाय, त्यावर लाकडाचा साकव. बाकीची पोरं पळत जायची. ह्यो खाली बसायचा, दप्तर डोक्यावर, डोळं मिटून, बुडावर सरकत सरकत पल्याड. मी शेतातनं वरडायचो, आला, आला, आनि दोनच हात ऱ्हायलं! सातवीपातुर तसंच. आवं, मिलिट्रीत गेल्यावर बी तसंच! गेल्या दिवाळीला सुट्टीवर आला तर चांगली पँट घालून साकवावर बसला."

म्हातारी आधी गालात हसली, मग मोठ्यानं. हसता हसता तिला खोकला आला, मी पाणी आणून दिलं. काकाही हसत होते. तो गेल्यापासून त्यांना हसताना मी पहिल्यांदाच बघितलं.

"एवढा भ्यायचा," डोळ्यांना पदर लावत ती म्हणाली, "आणि लढाईला गेला?"

"गेला की," काका म्हणाले. हातातली शेंग त्यांनी फोडली, दाणे तिच्या सुपात टाकले. "औंदा साकवाची लाकडं बदलायची हुती. गावातली पोरं कुऱ्हाडी घिऊन आलीती. म्हटलं, ह्या वर्सी हीच ऱ्हाऊ द्या..."