भाव ठरेपर्यंत

दारावरून कुणी जांभळं घेऊन गेलं, की त्या वासाने माझी मान अजूनही ताठ होते. लग्नानंतरचा पहिला उन्हाळा. आमच्या पाड्यावरच्या बाया जांभळाच्या टोपल्या डोक्यावर घेऊन धसईच्या बाजारात व्यापाऱ्यापुढे उभ्या होत्या. घेणारा तो एकटाच. टोपली खाली ठेवली की त्याने तिच्यावर हात ठेवायचा आणि मग तो म्हणेल तोच भाव, अशी तिथली रीत, म्हणून सासूबाईंनी घरूनच बजावलं होतं, "भाव ठरल्याशिवाय कोनी टोपली उतरवायची नाय." व्यापारी सावलीत चहा पीत म्हणाला, "राहा उभ्या. सडतील ती तुमची जांभळं, माझी नाय." ऊन चढलं, पिचलेल्या जांभळांचा रस कपाळावरून डोळ्यांत उतरला, आणि पुसायला हात मोकळा नव्हता. मला पाचवा महिना होता. माझा तोल गेला तशी सासूबाईंनी आपली टोपली खाली टाकून मला धरलं. तेवढ्यात त्या टोपलीवर व्यापाऱ्याचा हात पडला. मग एकेक करत सगळ्याच टोपल्या उतरल्या, त्याच्या भावाने. परतताना सासूबाई एवढंच म्हणाल्या, "आपल्यात एक बाई रिकाम्या हाताची पायजे होती गो." पुढच्या बाजाराला त्यांनी तशी एक आणली. भाव त्या दिवशीही वाढला नाही, पण टोपलीही कुणाची उतरली नाही; ती जांभळं घरी आणून आम्हीच खाल्ली, घरात दुसरं काही नव्हतंच. आता माझ्या मानेला वजन पेलत नाही. सुना टोपल्या उचलतात आणि मी रिकाम्या हातांनी त्यांच्यामागून बाजाराला जाते, सावरायला.