पाण्याआधीचा अर्ज

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलीला नाही. देवाला तर नाहीच — त्याच्याशी माझं बोलणं बंद आहे. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही मला ओळखत नाही आणि मध्येच थांबवणार नाही. आणि हो, मी रागात आहे. कुणावर, ते कळेलच.

माझे बाबा इथल्या सैन्याच्या फॅक्टरीत जन्मभर लेथवर उभे होते. आई गेल्यावर घरात बसून बसून खंगायला लागले. तेव्हा शेजारच्या मशीनवरचे त्यांचे जुने दोस्त जोसेफकाका त्यांना इथल्याच गोरखपूर मोहल्ल्यातल्या छोट्या प्रार्थनाघरात घेऊन गेले. एकदा गेले, मग दर रविवारी जाऊ लागले. चार वर्षांनी, अठ्ठ्याहत्तरीत, म्हणाले, मला बाप्तिस्मा घ्यायचा आहे. दीक्षितपुऱ्यातल्या आमच्या काकूनं लगेच जाहीर केलं की म्हाताऱ्याला लालूच दाखवली. कसली लालूच हो? पेन्शन होती, घर होतं, तोंडात स्वतःचे दात होते. अशा माणसाला कोण काय दाखवणार?

पण त्यांना समजवायला गेले मीच — मी शहाणी ना. म्हटलं, तुमचे पाद्रीच सांगतात की विश्वास असला की तारण होतं, पाणी ही नुसती खूण आहे. मग एवढा खटाटोप कशाला? डोकं ओलं आहे का कोरडं, हे देव तपासत बसणार आहे का? बाबा हसले. "ड्रॉइंग काढलं म्हंजे पुर्जा झाला का, सुधा? मशीनवर चढवाच लागते." त्यांच्यापुरता वाद तिथं मिटला.

आमच्या राज्यात धर्म बदलायचा तर आधी कलेक्टरकडे अर्ज द्यायचा, मग दोन महिने थांबायचं. बाबांचे गुडघे गेलेले. मी सिविल लाइन्समध्ये सरकारी नोकरीत, कलेक्टर ऑफिस माझ्या वाटेवरच. त्यांनी स्वतःच्या हातानं, नेटक्या अक्षरात अर्ज लिहिला, प्लास्टिकच्या फाइलीत घातला आणि माझ्याकडे दिला.

तो मी दिला नाही. माझ्या ऑफिसच्या कपाटात, जुन्या रजिस्टरांखाली सारून ठेवला. संध्याकाळी घरी येऊन म्हटलं, "दिला, बाबा."

त्यांनी पावतीसुद्धा मागितली नाही. का नाही मागितली? ज्या माणसानं दुसऱ्याचं माप कधी मानलं नाही, प्रत्येक पुर्जा स्वतः मोजून घेतला, त्यानं माझ्या दोन शब्दांवर डोळे मिटून विश्वास ठेवला. याचाही मला राग येतो. मी घाबरले होते — मुलीचं लग्न नागपूरला ठरत होतं, ऑफिसात कुजबुज झाली असती, काकू दारोदार फिरली असती. घाबरट बाई खोटं किती सफाईनं बोलते, ते मी तेव्हा पाहिलं.

बाबा कॅलेंडरवर दिवस खोडू लागले. आई ज्या खिळ्यावरच्या कॅलेंडरावर एकादशीला गोल करायची, त्याच खिळ्यावर. पांढरा कुर्ता-पायजमा शिवून आणला, दोनदा इस्त्री केली. रोज सकाळी एक फुली मारायचे आणि मी समोर बसून चहा प्यायची. कसा उतरत होता तो चहा माझ्या घशाखाली?

एक्केचाळीस फुल्या झाल्या आणि त्यांच्या छातीत दुखू लागलं. हॉस्पिटलात मला जवळ बोलावून विचारलं, "किती दिवस राहिले?" मी म्हटलं, "झालेच, बाबा." "मंग थांबतो मी," म्हणाले. दुपारी गेले.

अस्थी ग्वारीघाटावर नर्मदेत सोडल्या. काकू डोळे पुसत म्हणाली, नर्मदेचं पाणी लागलं, मोकळा झाला बिचारा. पाणी! तिचं तोंड धरून दाबावंसं वाटलं मला. पण बोलणार काय? तिला जे हवं होतं ते मीच करून दिलं होतं.

एवढंच असतं तर कदाचित मी गप्पच राहिले असते. खरं सांगायचं ते पुढेच आहे.

तेराव्याच्या आधी पाद्री घरी आले, बरोबर जोसेफकाका. बैठकीत काकू आणि चार नातेवाईक बसलेले. पाद्री हळू आवाजात म्हणाले, "दीदी, पानी नहीं मिला तो मन छोटा मत कीजिए. जिसने आख़िर तक चाहा, प्रभु उसे छोड़ते नहीं. बाबूजी की चाह तो थी न?"

एक हो पुरला असता. पाणी मी हिरावलं होतं, पण त्यांच्या धर्मात इच्छासुद्धा धरतात, आणि ती बाबांची अजून शाबूत होती. काकू माझ्याकडे रोखून बघत होती. मी म्हटलं, "नहीं. उन्होंने मन बदल लिया था."

पाद्रींनी मान खाली घातली. जोसेफकाका चहा तसाच ठेवून उठले. दारात फक्त एवढं म्हणाले, "मले तरी सांगाले पाहिजे होतं त्यानं."

आता चिडू कुणावर? लोकांसमोर विचारणाऱ्या पाद्रींवर? म्हाताऱ्याकडून अर्ज मागणाऱ्या कायद्यावर? काकूवर? चिडतेच, रोज चिडते. सगळ्यांवर चिडून झालं की शेवटी मी उरते. जीभ माझी होती. बाबा गेले होते, त्यांना उलटून काही म्हणता येणार नव्हतं, आणि हे मला पक्कं ठाऊक होतं.

त्या प्रार्थनाघरात वारलेल्यांची नावं वर्षातून एकदा घेतात. बाबांचं घेत नाहीत. जोसेफकाकांना वाटतं, चार वर्षं शेजारी बसलेला दोस्त शेवटी त्यांना न सांगता पाठ फिरवून गेला. बाबांनी पाठ फिरवली नव्हती. दिवस मोजत मोजत त्यांचा जीव गेला.

आज सकाळी गोरखपूरच्या बाजारात जोसेफकाका दिसले. काठी बगलेत धरून वांगी निवडत होते. मला बघितलं आणि मान फिरवली. मी पलीकडच्या गाडीवरून मेथीची जुडी घेतली आणि घरी आले.