तेच तीनशे बारा कामगार

मोतीराम भोये आमच्या मॅनेजमेंट कॉलेजच्या ग्रंथालयात झेरॉक्स काढायचे. मूळचे हरसूलकडचे, शिक्षण सातवी. प्रत निघाली की मूळ पानाशी एकेक आकडा ताडून पाहायचे. इंग्रजी मजकुराच्या वाटेला जात नसत. मला नेहमी घाई, त्यामुळे मी चिडायचे.

१९९८ साली माझी पीएचडी चालू होती. कारखान्याच्या निर्णयांत कामगारांना सहभागी केलं तर उत्पादन वाढतं का, यावर आधी झालेलं सगळं संशोधन तपासायचं होतं. एकेचाळीस अभ्यास जमवले. सव्वीस म्हणत होते, वाढतं. निष्कर्ष लिहून मी मोकळी झाले. सोमवारी प्रबंध दिला की माझी नोकरी कायम होणार होती.

शनिवारी मोतीरामभाऊ तीन प्रती घेऊन आले. "ताई, हे तिन्ही कारखाने एकच हाय."

"भाऊ, तुम्ही झेरॉक्स काढा. संशोधन मला करू द्या."

ते प्रती टेबलावर ठेवून गेले. पाहते तर मासिकं वेगळी, शीर्षकं वेगळी, पण तिन्हींत कामगार तीनशे बारा, सुपरवायझर सत्तेचाळीस आणि सरासऱ्या दशांशापर्यंत त्याच. एकच अभ्यास तीनदा छापला होता आणि मी तो तीन पुरावे म्हणून मोजला होता. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

गप्प बसले असते तर कुणाला कळलंही नसतं. पण सोमवारी मी भाऊंची माफी मागितली आणि आम्ही दोघांनी एकेचाळीसच्या एकेचाळीस अभ्यास फरशीवर पसरले. 'वाढतं' म्हणणाऱ्यांतलेच आणखी सात दुबार निघाले. मग 'वाढतं' असं छातीठोकपणे म्हणता येईना. मार्गदर्शक भडकले. प्रबंध वर्षभर लांबला, कायम जागा दुसऱ्याला मिळाली आणि मी तासिका तत्त्वावरच राहिले.

"माझ्यामुळं तुमची नोकरी गेली," भाऊ म्हणाले. मी रागात होते, काहीच बोलले नाही. तेव्हापासून ते मला टाळू लागले.

तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी विचारलं, "हे अभ्यास तुमच्याखेरीज आणखी कुणी तपासले?"

"मोतीराम भोये यांनी."

"कोणत्या विद्यापीठात असतात?"

"आमच्या ग्रंथालयात झेरॉक्स काढतात."

मार्गदर्शकांनी कपाळाला हात लावला. परीक्षक म्हणाले, "मग त्यांचं नाव आभारात नको. संशोधन पद्धतीच्या प्रकरणात लिहा."

ते पान घेऊन मी ग्रंथालयात गेले आणि भाऊंना त्यांचं नाव दाखवलं. म्हटलं, "तुमच्यामुळे नोकरी गेली नाही, भाऊ. तुमच्यामुळे मी खोटं लिहायची वाचले."

भाऊंनी पान माझ्या हातात परत दिलं.

"मग हे वरीसभर का नाय सांगितलं, ताई?"