जाड्या, बारक्या आणि चेअरमनसाहेबांचा फोटो

सॉफ्टवेअर करून देताना ज्याला राग आला नाही, त्यानं एकतर सॉफ्टवेअर केलेलं नाही किंवा ते कोल्हापुरात केलेलं नाही. राजारामपुरीतल्या आमच्या ऑफिसात माणसं तीनच. मालक माने सर, सचिन आणि मी. पण किस्से असे साठलेत की चहावर एक सांगायला बसते आणि चार निघतात. ऐकणारे हसतात. मला मात्र अजून संताप येतो, हे आधीच सांगून ठेवते.

मोबाइलला अजून बटणंच होती, तेव्हाची गोष्ट. एका साखर कारखान्याला ऊस नोंदीसाठी टॅब्लेट हवे होते. कारखान्याच्या ओव्हरसियरनं बांधावर उभं राहून शेतकऱ्याचं नाव उघडायचं, उसाच्या लागणीची तारीख घालायची आणि ‘नोंद करा’ दाबायचं. आधी चाचणी, ती पास झाली तर सगळ्या गटांचं काम आम्हाला. काम मिळालं तर ऑफिस टिकणार होतं, नाहीतर मी पुण्याला. मला पुण्याला जायचं नव्हतं. सगळी माणसं इथं असताना तिथं कुणाच्या तरी खोलीत पेइंग गेस्ट म्हणून का राहायचं?

*

नमुन्याला दोन टॅब्लेट आले होते. एक जाडजूड, पेननं चालणारा, जोर लावला तर बोटानंही चालणारा. दुसरा पातळ, बोट टेकवलं की पुरे. आम्ही त्यांना जाड्या आणि बारक्या म्हणायचो.

सचिन जाड्याच्या बाजूचा. त्याचं म्हणणं, शेतात हात चिखलाचे असतात, पेनच पाहिजे. माझं म्हणणं, पेन पहिल्याच दिवशी उसात हरवणार. यावरून आम्ही इतके भांडलो की आठवडाभर चहा वेगवेगळ्या गाड्यांवर प्यायलो. सचिननं तर ऑफिसच्या भिंतीवर पेनचे फायदे लिहून लावले होते.

शेवटी माने सर म्हणाले, जाऊन बघूया. आम्ही शिरोलीच्या पुढं एका ओळखीच्या शेतात गेलो. पेन तिथंच हरवलं. सचिननं नवीन पेन मागवलं आणि दुसऱ्या दिवशी टॅब्लेटला काळ्या करदोट्यानं बांधून आणलं. वर मलाच म्हणाला, "झाला प्रॉब्लेम सॉल्व्ह!"

*

निवड संचालक मंडळासमोर होती. मी तीन दिवस खपून तुलना तयार केली होती. बॅटरी कुठल्याची किती चालते, उन्हात कुठला दिसतो, सगळं. बारक्या सगळ्यात पुढं होता.

संचालकांमध्ये आप्पा म्हणून एक जुने पैलवान होते. माझं बोलणं अर्ध्यावर असताना ते उठले, एका हातात जाड्या घेतला, दुसऱ्या हातात बारक्या, आणि तालमीत वजन तोलावं तसे दोन्ही वर-खाली करून बघितले.

"ह्यो पापड हाय," बारक्या टेबलावर ठेवत ते म्हणाले. "ह्यो घ्या. हातात कायतरी हाय असं वाटतंय."

ठराव झाला, एकमतानं. माझी तुलना कुणी वाचलीसुद्धा नाही. सचिन परतताना उजळाईवाडीपर्यंत शीळ घालत होता.

*

मग आली बटणं. मी एका स्क्रीनवर आठ बसवली होती. आप्पांनी अंगठा टेकवला तर एकदम चार दाबली गेली. "अंगठा माझा मोठा न्हाय, बटण तुझं बारीक हाय," ते म्हणाले. बरं, हे मान्य. बटणं मोठी केली, आठाची तीन झाली. यात माझी तक्रार नाही.

तक्रार आहे ती रंगाची! ‘नोंद करा’ हिरवं आणि ‘रद्द करा’ लाल, हे मी ठेवलेलं. सिग्नल कळणाऱ्या कुणालाही कळेल असं. कारखान्याचे शेती अधिकारी पाटील साहेबांनी स्क्रीन बघितली आणि दार लोटून घेतलं. हिरवा रंग कारखान्याच्या निवडणुकीतल्या विरोधी पॅनेलचा होता. चेअरमनसाहेबांना चालणार नाही म्हणाले.

मी हात जोडले. म्हटलं, अहो, जगभर हिरवं म्हणजे पुढं जा. पाटील साहेबांनी शांतपणे विचार केला.

"मग आसं करा ताई. हिरवा त्या रद्दला द्या. शोभतोय."

आणि तसंच झालं. ‘नोंद करा’ गुलाबी झालं, कारण आमच्या चेअरमनांचं पॅनेल गुलाबी. चाचणीच्या पहिल्या दिवशी अर्ध्या ओव्हरसियरांनी हिरवं बटण दाबून सगळ्या नोंदी रद्द केल्या. आणि बोलणी कुणी खाल्ली? मी.

*

टॅब्लेट कारखान्यावर आले त्या दिवशी त्यांची पूजा. पाटावर लाल कापड, त्यावर सगळे जाड्या ओळीनं मांडलेले. प्रत्येकाच्या स्क्रीनवर हळद, कुंकू, वर अक्षता. मी रुमालानं पुसायला गेले तर पाटील साहेबांनी अडवलं, आजचा दिवस राहू दे म्हणाले.

तिथंपर्यंत मी सोसलं. मग नारळ फोडायची वेळ आली. फोडायला दगड कुणी आणलाच नव्हता. सगळे इकडंतिकडं बघायला लागले. आप्पांनी नारळ उचलला आणि पहिल्या जाड्यावर नेम धरला.

मी अक्षरशः झडप घालून टॅब्लेट ओढला. आप्पांना माझाच राग आला.

"आगं, दणकट हाय म्हणूनच घेतलाय न्हवं?"

*

आता शेवटचा. हा आठवला की मला जेवण जात नाही.

उघडल्या उघडल्या चेअरमनसाहेबांचा हात जोडलेला फोटो यायला हवा, अशी फर्माईश होती. स्क्रीनचा वरचा अर्धा भाग फोटोला गेला. मी खूप भांडले, पण माने सर म्हणाले, एकाच पानाचा तर प्रश्न आहे, दे टाकून. पुढच्या पानांवर त्याच जागी शेतकऱ्याचं नाव आणि गट नंबर यायचा, खाली बटणं. पहिल्या दिवसाचा रंगाचा घोळ सोडला तर दोन आठवडे नोंदी अगदी सुरळीत चालल्या. मी घरी सांगूनही टाकलं की पुण्याचं रद्द.

आणि मग पाटील साहेबांचा फोन. चाचणी नापास. एकाची लागण दुसऱ्याच्या नावावर चढलीय, बांधावर भांडणं लागलीत, कारण स्क्रीनवर शेतकऱ्याचं नावच दिसत नाही. मी इथं पुन्हा पुन्हा तपासलं, नाव ठळक दिसत होतं. शेवटी मीच गाडीवरून कारखान्यावर गेले.

कारखान्याची निवडणूक लागली होती. आचारसंहितेमुळं गेटवरच्या कोनशिलेवर कागद चिकटवलेला, ऑफिसातल्या फोटोंवर कागद. आणि टेबलावर ओळीनं ठेवलेल्या प्रत्येक जाड्याच्या अर्ध्या स्क्रीनवर खळ लावून घट्ट चिकटवलेला खाकी कागद! फोटो झाकला होता त्यांनी. फोटो गेल्यावर त्याच जागी नाव येतं, तेही त्या कागदाखाली. बिचारे ओव्हरसियर अंदाजानं नोंदी करत होते.

मी तिथंच बसले, लॅपटॉप जोडला आणि सगळ्या टॅब्लेटमधून फोटो काढून टाकला. पाच मिनिटांचं काम. मग म्हटलं, साहेब, आता फोटो नाही. कागद काढा, आजच्या आज परत चाचणी घ्या, माझी नोकरी यावर आहे.

पाटील साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी एक जाड्या हातात घेतला, कागदावरून अंगठा फिरवला, उजेडाकडं धरून बघितला.

"फोटो खाली न्हाय म्हंतासा, तर नसंल बी ताई. पण ते कागद काढल्याबिगर कसं दिसणार? आन् आचारसंहितेत कागद काढता येत न्हाय."